आधी रायफल तपासा
सेकंड हँड एअर रायफल आणि पिस्तूल निवडणे, बसवणे व दुरुस्त ठेवणे: एका पुस्तिकेची प्रस्तावना

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ सर्व बाजूंनी अडीच मिलिमीटरने वाढत जाते. रायफलची मागची आणि पुढची साइट यांच्यात साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर मागची साइट ०.२ मिलिमीटर हलली तरी दहा मीटरवर पेलेट एक पूर्ण वर्तुळ बाहेर पडते. ०.२ मिलिमीटर म्हणजे वहीच्या दोन पानांची जाडी. हा ढिलेपणा हाताला जाणवत नाही, डोळ्याला दिसत नाही. टार्गेटवर मात्र तो नऊ, आठ असा उमटतो आणि मग मुलाला बोलणी बसतात: लक्ष कुठे आहे तुझे?

त्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे: रायफल ठीक आहे ना? हा प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचा आणि त्याचे उत्तर कसे शोधायचे, हे या पुस्तिकेत सांगितले आहे. पालक, शाळेतले क्रीडाशिक्षक, नव्याने रेंज सुरू करणारे प्रशिक्षक आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याने वापरलेली रायफल आली आहे अशी मुले यांच्यासाठी ती लिहिली आहे.

स्पर्धेची परदेशी बनावटीची नवी एअर रायफल आज काही लाखांच्या घरात जाते. तिच्यासोबत जाड जॅकेट, पँट, बूट, हातमोजा आणि रोज लागणारे पेलेट यांचा खर्च येतोच. नोकरदार, शेतकरी किंवा छोटा व्यवसाय करणाऱ्या घराला हा खर्च एकदम पेलत नाही. म्हणून आपल्याकडची बहुतेक मुले आधी क्लबच्या रायफलवर शिकतात आणि मग कोणीतरी वापरून सोडलेली घेतात. मोठी झालेली ताई, खेळ सोडलेला दादा, नवे मॉडेल घेतलेला राष्ट्रीय खेळाडू यांच्याकडून रायफली पुढच्या हातात जातात. ही साखळी आहे म्हणून हा खेळ मोजक्या श्रीमंत घरांच्या बाहेर पोहोचला. अशा रायफलीकडे ‘तात्पुरती सोय’ म्हणून पाहणे मला मान्य नाही. नीट तपासलेली आणि नीट बसवलेली वीस वर्षे जुनी रायफलसुद्धा मुलाला राज्य स्पर्धेपर्यंत नेऊ शकते. न तपासलेली रायफल मात्र, नवी असली तरी, त्याचा आत्मविश्वास पोखरते.

ही पुस्तिका नाशिकहून यावी याला कारण आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारातले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. पण नेमबाज म्हणून त्याची घडण सुरू झाली ती नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. मुलाच्या गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढल्याचे पदकानंतर साऱ्या महाराष्ट्राने वाचले. त्याच्या आधी अंजली भागवत, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि त्यानंतर २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा जगज्जेता झालेला ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील असे नेमबाज या राज्याने दिले. या नावांमुळे रेंजवर येणाऱ्या मुलांची संख्या वाढली, तसे जुन्या रायफलींचे व्यवहारही वाढले. त्या रायफलींबद्दलची माहिती मात्र अजून तोंडी आहे. कोणत्या तरी सरांना ठाऊक असते आणि त्यांनी सांगितले तरच आपल्याला कळते. मराठीत ती एका जागी असावी, अशी ही धडपड आहे.

जुन्या बाजारात साधारण तीन पिढ्यांच्या रायफली सापडतात. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, त्या काळातल्या स्प्रिंगच्या रायफली ही पहिली पिढी. फाइनवेर्कबाऊ ३०० हे त्यांतले प्रसिद्ध नाव. चाप ओढल्यावर दट्ट्या पुढे धावतो आणि हवा दाबतो. त्याचा धक्का खांद्यापर्यंत येऊ नये म्हणून रायफलीचा वरचा भाग रुळावर मागे सरकेल अशी सोय केलेली असते. दुसरी पिढी एकदाच दांडी ओढून हवा भरायच्या रायफलींची. त्याच कंपनीच्या ६०० मालिकेतल्या रायफली अशा आहेत. त्यांना सिलिंडर लागत नाही, पंप लागत नाही, आणि सील चांगले असतील तर प्रत्येक पेलेटचा वेग जवळपास सारखा राहतो. तालुक्याच्या शाळेला रेंज सुरू करायची असेल तर मी आजही आधी अशी रायफल शोधायला सांगेन. लहान चणीच्या मुलांना दांडी ओढणे जड जाते, ही तिची एक अडचण. तिसरी पिढी १९९० च्या दशकात रुळलेली, २०० बारपर्यंत दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ, स्टायर या कंपन्यांच्या आजच्या स्पर्धेच्या रायफली आणि पिस्तुले याच जातीची. पुस्तिकेचा मोठा भाग त्यांच्यासाठी आहे, कारण त्यांच्यात बिघाडाच्या जागा जास्त आहेत आणि धोकाही जास्त आहे.

तो धोका आधी सांगतो. जुनी रायफल हातात आली की सगळे नळीत डोकावतात. पहिल्यांदा पाहायचा तो सिलिंडर. २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या सुमारे नव्वद पट दाब, आणि तो मुलाच्या गालाजवळ असतो. सिलिंडरवर तो कधी तयार झाला ते कोरलेले असते. युरोपीय कंपन्या सहसा दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर वापरात नाही ना हे पाहण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळाडूवर टाकली आहे. रायफल स्वस्तात मिळते आहे असे वाटते तेव्हा पुष्कळदा सिलिंडरची मुदत संपत आलेली असते. नव्या सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करावा. सिलिंडरवर खोल ओरखडा, पोचा किंवा आट्यांवर गंज दिसला तर तो भरायचाच नाही. तो दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

भरतानाही घाई नको. हवा वेगाने शिरली की तापते, गेजचा काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो. मग पुन्हा भरण्याचा मोह होतो. सावकाश भरले की हे टळते. डायव्हिंगचा ३०० बारचा मोठा सिलिंडर वापरत असाल तर काटा २०० वर येताच झडप बंद झालीच पाहिजे. हातपंपावर भरणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावे. जून ते सप्टेंबर नाशिकच्या हवेत जो दमटपणा असतो तो पंपातून पाणी होऊन सिलिंडरमध्ये उतरतो. तेथून तो रेग्युलेटरमध्ये, म्हणजे प्रत्येक पेलेटमागचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात जातो आणि हळूहळू त्याची चाल बिघडवतो. ओलावा शोषणारा फिल्टर नसेल तर पंप वापरू नये. आणि दाबाच्या हवेच्या वाटेवर साधे मशीन ऑइल कधीच घालू नये. दाबाने तापलेल्या हवेत तेल पेट घेऊ शकते. ओ-रिंगला लागलेच तर कंपनीने सांगितलेले सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकेच.

यानंतर गळती. रात्री काटा पाहून ठेवायचा, सकाळी पुन्हा पाहायचा. उतरला असेल तर सिलिंडर रायफलीपासून काढून वेगळा ठेवायचा आणि पुन्हा रात्रभर वाट पाहायची. सिलिंडर एकटा असताना दाब टिकला, पण रायफलीला जोडल्यावर उतरला, तर दोष जोडणीच्या ओ-रिंगमध्ये किंवा पुढच्या झडपेत आहे. एकट्यानेही उतरला तर तो सिलिंडरच्या झडपेत आहे. आधी भाग वेगळे करून दोषाची जागा शोधायची आणि मगच पाना हातात घ्यायचा, ही रीत पुस्तिकेत प्रत्येक बिघाडासाठी सांगितली आहे.

मग वेग. क्रोनोग्राफ नावाचे छोटे यंत्र पेलेटचा वेग मोजते. बहुतेक चांगल्या रेंजवर एक तरी असते. एअर रायफलचा वेग सेकंदाला १६५ ते १७५ मीटरच्या आसपास हवा. सलग दहा पेलेट मारावेत आणि सर्वांत वेगवान व सर्वांत मंद यांतला फरक पाहावा. निरोगी रायफलीत तो दोन-तीन मीटरच्या आत राहतो. वेग १७० वरून १६० वर घसरला तर दहा मीटरवर पेलेट सुमारे दोन मिलिमीटर खाली पडते, म्हणजे जवळजवळ एक वर्तुळ. मुलाचे पेलेट उभ्या रेषेत पसरू लागले की आपण त्याच्या श्वासाला दोष देतो. तो दोष श्वासाचा असू शकतो, पण रेग्युलेटरचाही असू शकतो. थोडा वेळ थांबल्यावरचे पहिलेच पेलेट वरचेवर वर लागत असेल तर रेग्युलेटर बसल्या बसल्या दाब वाढवतो आहे असे समजावे. हे काम जाणकार मेकॅनिकचे आहे, घरच्या टेबलावर करायचे नाही.

साइट तपासायला यंत्र लागत नाही. रायफल पक्की टेकवून पाच पेलेट मारा. मग साइट वीस क्लिक उजवीकडे, वीस वर, वीस डावीकडे, वीस खाली. प्रत्येक वळणावर पाच पेलेट. चौकोन पूर्ण होऊन शेवटचा गट पहिल्या गटावर परत आला तर साइट खरी. परत आला नाही, तर आत झीज आहे, आणि अशी साइट मुलाला रोज खोटे सांगणार. साइट बसते त्या पट्टीचे स्क्रू आणि स्टॉकचे स्क्रू ठरलेल्या जोराने आवळलेले आहेत का, हे त्याच वेळी पाहावे. जुन्या रायफलीतले बरेचसे ‘गूढ’ बिघाड इथेच सुटतात.

नळी स्वतः क्वचितच संपते. एअर रायफलची नळी हजारो पेलेट सहज झेलते. खराब होते ती गंजाने आणि चुकीच्या सळईने घासल्याने. साफ करायला फेल्टचे छोटे तुकडे पुरतात. मात्र प्रत्येक नळीला प्रत्येक पेलेट मानवत नाही. पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा किंचित वेगळा असतो आणि एकाच कंपनीच्या दोन बॅचमध्येही फरक पडतो. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून निरनिराळ्या बॅचचे दहा-दहा पेलेट मारून पाहावे. ज्या बॅचचे भोक एका पेलेटच्या भोकापेक्षा थोडेसेच मोठे राहते, तिचे जमतील तेवढे डबे घेऊन ठेवावेत. जुन्या रायफलीवर केलेला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फळ देणारा खर्च आहे.

ट्रिगरबाबत मी कठोर आहे. आधीच्या मालकाने आपल्या बोटाच्या सवयीप्रमाणे स्क्रू फिरवलेले असतात आणि पुष्कळदा ते इतके हलके केलेले असतात की बोल्ट बंद करताच रायफल सुटते. पेलेट न भरता, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, बोल्ट अनेकदा उघडबंद करून हे पाहावे. एकदा जरी आपोआप सुटली तरी ती रायफल मुलाच्या हाती द्यायची नाही. एअर पिस्तुलात नियमच आहे: ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन उचलले पाहिजे. रायफलीला अशी किमान मर्यादा नसली, तरी शिकणाऱ्या मुलाला थोडा जड ट्रिगरच चांगला.

शेवटी स्टॉक. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, ही स्पर्धेची कमाल मर्यादा आहे. बारा वर्षांच्या मुलाने तेवढे पेलावे असे कोणी म्हटलेले नाही. मोठ्या माणसासाठी बसवलेली, खांद्याला टेकणारी बटप्लेट आणि गालाला टेकणारा चीकपीस तसेच ठेवून मुलाला उभे केले की तो मान वाकवतो, कंबर मुरडतो आणि रायफलीला शरण जातो. आधी मुलाने सरळ उभे राहावे, डोके ताठ ठेवावे, आणि मग रायफल त्याच्यापर्यंत आणावी. वाढत्या वयात ही मांडणी वर्षातून दोनदा तरी पुन्हा करावी लागते. डावखुऱ्या मुलाला उजवी रायफल ‘चालवून घे’ म्हणणे तर अन्यायच आहे.

या सगळ्या तपासण्यांमागे एकच विचार आहे. नेमबाजी हा स्वतःची चूक स्वतः ओळखण्याचा खेळ आहे. पेलेट सुटल्यावर, टार्गेट पाहण्याआधी, ते कुठे लागले असेल हे चांगला नेमबाज सांगू शकतो. ही जाण यायला यंत्र विश्वासाचे असावे लागते. अभिनव बिंद्राने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या एअर रायफलच्या अंतिम फेरीबद्दल लिहिले आहे की सरावाचे पहिलेच पेलेट फार दूर लागले. त्याने आपल्या हातावर शंका घेतली नाही. साइट हलली आहे हे ओळखले, क्लिक फिरवून ती जागेवर आणली आणि सुवर्ण जिंकले. आपल्या हाताची आणि आपल्या रायफलीची इतकी ओळख त्याला होती, म्हणूनच त्या काही मिनिटांत दोष कोणाचा हे त्याला कळले. आपल्या मुलांनी शिकायची गोष्ट हीच आहे, आणि ती बिघडलेल्या रायफलीवर शिकता येत नाही.

नाशिकला आणखी एक बळ आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मायक्रॉनमध्ये काम करणारे टर्नर, फिटर, टूलरूमवाले आहेत. नळी पकडायचा शिकंजा, बटप्लेटची पट्टी, वजनाचा तुकडा, ट्रिगर तपासायचे ५०० ग्रॅमचे वजन अशा गोष्टी ते सहज आणि उत्तम करतात. त्यांची मदत जरूर घ्यावी. पण हवेच्या दाबाखालचा कोणताही भाग, झडप असो, सिलिंडर असो किंवा रेग्युलेटर, वर्कशॉपमध्ये बनवून घेऊ नये. कारागिराचे कौशल्य कितीही मोठे असले तरी त्या भागाचा धातू आणि त्याची चाचणी मूळ कंपनीकडूनच आली पाहिजे.

कायद्याविषयीही स्पष्ट असावे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही; स्पर्धेच्या रायफलीची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच असते. तरी मूळ बिल, आयातीचे कागद आणि रायफलीवरचा क्रमांक जुळवूनच पैसे द्यावेत. ५० मीटरच्या .२२ रायफलीपासून गोष्ट बदलते. ती शस्त्र कायदा १९५९ खाली येते. विकत घेणे, हस्तांतर, इतकेच काय दुरुस्तीचा धंदासुद्धा परवान्याशिवाय नाही. परदेशी पुस्तके वाचून काही उत्साही मंडळी काडतुसे पुन्हा भरण्याच्या जुन्या यंत्रांविषयी विचारतात. अमेरिकेत मोठ्या रायफलींचे नेमबाज ते करतात हे खरे. .२२ च्या काडतुसात मात्र पेटणारा मसाला बुडाच्या कडेतच दाबलेला असतो, म्हणून ते काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसतेच. आणि परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. या पुस्तिकेत तो विषय नाही. आपल्या मुलांची गरज पेलेटची बॅच निवडण्याने भागते.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. रायफल घेण्याआधी पहिला भाग वाचावा, ती घरी आल्यावर दुसरा, आणि गुण अचानक घसरले की तिसरा. प्रत्येक रायफलीसाठी एक वही ठेवावी: सिलिंडरची तारीख, वेगाचे आकडे, कोणती बॅच मानवली, कोणता स्क्रू कधी आवळला. रायफल विकताना ही वहीही द्यावी. पुढच्या मुलाचे निम्मे काम तिथेच होते, आणि प्रामाणिक विक्रेत्याची ओळखही त्या वहीवरून पटते.

क्लबांना आणि शाळांना माझी विनंती याहून मोठी आहे. सत्राच्या सुरुवातीला एक दिवस फक्त तपासणीसाठी ठेवा. त्या दिवशी कोणी गुण मोजू नये. प्रत्येक रायफल आणि पिस्तूल ओळीने सिलिंडर, वेग, साइट, ट्रिगर या चार कसोट्यांतून जावे, आणि जे उतरणार नाही ते बाजूला काढावे, मग ते कोणाचेही असो. एवढे केले की त्यानंतर टार्गेटवर उमटलेला प्रत्येक गुण, दहा असो की आठ, त्या मुलाचा स्वतःचा असेल. मग तो सुधारायची जबाबदारीही आपण त्याच्यावर हक्काने टाकू शकू.